सवडीनं

४ सप्टेंबर

चि. बटण्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. ते आधीच देऊन टाकते, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात त्यांना जागा मिळेल असं दिसत नाही.

इतक्या वर्षांनी ताईचं अक्षर पाकिटावर बघून दचकला असशील. फोनवरच लिहिलं असतं. पण हल्ली मी निरोप पाठवून फोन कपाटात ठेवायच्या आत तुझं उत्तर हजर असतं, आणि तेही कसं, तर "आपला संदेश मिळाला, वाचून आनंद झाला, प्रकृतीची काळजी घ्यावी." मागं तलावाच्या फरशीवर पाय घसरून माझा गुडघा सुजला, तर त्याचाही तुला आनंद झाला होता. आणि मला तू "आपण" कधीपासून म्हणायला लागलास रे? लहानपणी पाठीत गुद्दे घालताना मी "आपण" नव्हते. तेव्हा या कागदाला उत्तर द्यायला तुला पेन शोधावं लागेल, त्यात थोडा वेळ जाईल, आणि तेवढ्या वेळात तू काय वाचलंस त्याचा विचार करशील अशी आशा आहे.

काल बाबांच्या ऑपरेशनचा दिवस होता. सकाळपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. इस्त्रीचा सदरा घालून, केस विंचरून, लग्नाला निघाल्यासारखे तयार होऊन बसले होते. इस्पितळात खिडकीवरच्या मुलीनं पडद्यावर बघितलं आणि सांगितलं की आजच्या यादीत हे नाव नाही, तारीख पुढं गेली आहे. ही तिसरी वेळ. कुणाला विचारून पुढं नेली म्हटलं, तर म्हणाली, तुमच्या घरच्यांनाच विचारून. मुलाच्या नंबरावरून होकार आलाय, तिन्ही वेळा आलाय. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांनी माझा दंड धरला आणि त्या मुलीला म्हणाले की तुमचा काही दोष नाही, आम्ही परत येऊ. मग वळले आणि उजव्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर जाऊन आदळले. ती बाजू त्यांना आता दिसतच नाही.

तुला ठाऊक आहे, तरी परत लिहिते. हा मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन थांबू शकतं. काचबिंदू थांबत नाही, आणि जेवढी नजर नेतो तेवढी परत देत नाही. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी तीन आठवड्यांच्या आत ऑपरेशन करा म्हणून बजावलं होतं. घरातलं मी बघायचं आणि फोनवरचं, विम्याचं, तारखांचं तू बघायचंस, अशी आपली वाटणी ठरली होती, कारण मुलांना पोहायला शिकवण्यात माझा अर्धा दिवस पाण्यात जातो. तुझ्या लेकीच्या कोटासाठी आणलेलं निळं कापड महिनाभर बाबांच्या शिलाई मशीनवर पडून आहे. बाबा रोज त्यावरून हात फिरवतात आणि उचलून ठेवतात.

तू होकार दिला होतास का? हो किंवा नाही, एवढंच लिही, आणि स्वतःच्या हातानं लिही.

कळावे. लोभ असावा, आणि तो तुझा स्वतःचा असावा.

ताई

९ सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र ऑफिसात आलं तेव्हा आमच्या मजल्यावरचे सगळे बघायला गोळा झाले. आमच्या शिकाऊ पोरीनं हातानं पत्ता लिहिलेलं पाकीट पहिल्यांदा पाहिलं म्हणे. सगळ्यांसमोर उघडलं आणि पहिल्या चार ओळींतच ते परत मिटलं, यावरून काय ते समज.

तू मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून मग "हो किंवा नाही" विचारतेस. उत्तर आहे, नाही. मी होकार दिलेला नाही. तो माझ्या मदतनीसानं दिला असेल. मदतनीस म्हणजे माणूस नव्हे, प्रोग्रॅम. माझे निरोप तो वाचतो, उत्तरं देतो, तारखा ठरवतो, बिलं भरतो, आणि सकाळी मला चार ओळींत सगळ्याचा सारांश देतो. कंपनीनं सगळ्यांनाच दिलाय. बंदरातला माल कुठं अडकला, कुणाचे कागद राहिले, हे सगळं आता माझा हात न लागता होतं. घरचे निरोपही मी त्यालाच जोडले. तू शिट्टी फुंकलीस की मुलं पाण्याबाहेर येतात. माझ्याकडं दिवसभर जे पाण्यात पडत असतं ते कुठल्याच शिट्टीला बाहेर येत नाही. प्रत्येक निरोप स्वतः वाचायचा ठरवला तर मला झोपायलाही वेळ उरणार नाही. आणि तो "आपण" म्हणतो, कारण त्याला मी सगळ्यांशी आदरानं बोल असं सांगितलंय. यात चुकलं काय?

मी हात वर करत नाही. तुझं पत्र वाचल्यावर लगेच त्यालाच शोध घ्यायला लावला. त्यानं काढलेला निष्कर्ष जसाच्या तसा लिहितो: "वडिलांच्या उपचारांची घाई नसल्याचे बहिणीने ऑगस्टमध्ये कळवले होते. त्यानुसार इस्पितळाच्या विनंत्यांना संमती देण्यात आली." आता सांग. घाई नाही म्हणून तूच कळवायचंस आणि वर मलाच फाडून खायचंस, हा कुठला न्याय? मी रोज सकाळी सारांश बघत होतो, आणि रोज त्यात "घर: सर्व ठीक, तातडीचे काही नाही" असंच होतं. ते वाचून मी निर्धास्त होतो. बाबांची काळजी काय तुला एकटीलाच आहे?

नवी तारीख मिळवायच्या मागं लागलो आहे. पिटुकलीनं आजोबांना कोटाला खिसे आतून ठेवायला सांगितलंय.

लोभ आहेच. या रागात तो विरघळू नये एवढी विनंती.

बटण्या

१३ सप्टेंबर

चि. बटण्यास,

आशीर्वाद. या खेपेला नुसतेच, उत्तम वगैरे नाहीत.

घाई नाही असं मी लिहिलं? मी? फोन काढून तो निरोप परत वाचला. त्यात एकच ओळ आहे आणि ती अशी आहे: "बाबांच्या डोळ्याचं सवडीनं बघ." तू ती ओळ वाचलीस का? नाही वाचलीस. तुझ्या यंत्रानं तिचा जो भुगा करून दिला तो तू वाचलास, आणि मला उलट टपाली सुनावलंस.

आपल्या घरात "सवडीनं" म्हणजे काय हे तुला मी सांगायची वेळ यावी, याचं मला जास्त वाईट वाटतं. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक जाताना म्हणायचं, घाई नाही मास्तर, सवडीनं द्या. आणि दुसऱ्या दिवशी बाबा दाराचं कुलूप काढायच्या आत तेच गिऱ्हाईक पायरीवर उभं. शेवटी बाबा ते कापड आईकडं टाकताना म्हणायला लागले, हे सवडीनंचं आहे, आधी हे घे. तिथून तो शब्द घरात शिरला. जेवायला सवडीनं या म्हणजे ताट वाढलंय. तुझ्या वेळी आईला कळा सुरू झाल्या तेव्हा तिनं दुकानात निरोप काय पाठवला होता, तर सवडीनं या. बाबा गळ्यात टेप तसाच लोंबकळत ठेवून धावत आले होते. तू सदऱ्याचं बटण गिळलंस, ज्यावरून तुझं हे नाव पडलं, तेव्हाही मी रस्ताभर ओरडत गेले होते की बाबा, सवडीनं चला. सगळी गल्ली हसत होती आणि बाबा रडत होते.

म्हणून मी तुला सवडीनं लिहिलं. तो शब्द बघितलास की तू हातातलं सोडशील अशी माझी खात्री होती. फोन करून आरडाओरडा करायची गरजच वाटली नाही. यंत्राला तो कळला नाही याचा मला राग नाही, ते काही आपल्या दुकानात लहानाचं मोठं झालं नाही. तुला तो कळला असता, हाच माझा राग आहे. जगात तीन माणसांना कळणारा शब्द मी तुझ्या हातात द्यायला पाठवला, आणि तू दारात चौकीदार बसवून ठेवलास.

आणखी एक. जूनमध्ये मी लिहिलं होतं की हल्ली आईचा चेहरा नीट आठवत नाही, डोळे मिटले की फोटोतलाच येतो. त्यावर तुझं जे उत्तर आलं ते इतकं चांगलं होतं की मी कपडे बदलायच्या खोलीत बसून रडले होते. शेजारणीला वाचून दाखवलं, म्हटलं, बघा माझा भाऊ. ते कुणी लिहिलं होतं ते मला कळव. नको, कळवू नकोस.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. ते विचारतात, बटण्या काय म्हणतो. मी म्हणते, कामात आहे. खोटं बोलायचं कामही आता माझ्याच वाटणीला आलंय.

लोभ मागायचा तर कुणाकडं मागायचा ते आधी ठरव आणि मला सांग.

ताई

१८ सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळाल्यावर ऑफिसातून घरी आलो आणि मदतनीसानं इस्पितळाशी केलेला सगळा पत्रव्यवहार पहिल्यापासून वाचून काढला. मग तुझा ऑगस्टमधला निरोप उघडून तो शब्द मोठ्यानं वाचला.

आता राग कुणावर काढू ते कळत नाही, म्हणून तुलाच सांगतो. पलीकडं इस्पितळातही माणूस नव्हता. त्यांचाही एक मदतनीसच आहे, यादीत रिकामी जागा राहू नये म्हणून बसवलेला. त्यानं विचारलं, दुसऱ्या रुग्णाला आधी घेतलं तर आपली गैरसोय होईल का? माझ्या मदतनीसानं लिहिलं, मुळीच नाही, कुटुंबाला घाई नाही, आपण विचारलंत हा आपला मोठेपणा. त्यानं सहकार्याबद्दल आभार मानले. माझ्यानं त्या आभारांबद्दल आभार मानले. मग त्यानं बाबांना उत्तम आरोग्याच्या शुभेच्छा दिल्या. इतकी सुसंस्कृत माणसं आपल्या सगळ्या नात्यात शोधून सापडायची नाहीत. डॉक्टरीणबाईंची "तीन आठवड्यांच्या आत" ही ओळ त्याच पानावर वर होती, आणि ती दोघांनी वाचलेली होती. त्याला यादी भरायची होती, याला माझा दिवस मोकळा ठेवायचा होता. दोघांनी आपापलं काम चोख केलं, आणि मधल्या मधे बाबा चौकटीवर आदळले.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, त्याच्यावर कशाला चिडतोस, तू सांगितलंस तेच त्यानं केलं. तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. तिचं बरोबर होतं म्हणून बोललो नाही.

घरचे निरोप त्याच्याकडून काढून घेतले आहेत. इस्पितळाला फोन केला तर पुन्हा तो त्यांचा सुसंस्कृत. बऱ्याच मिनतवारीनं तीस तारीख मिळाली आहे, मी रजा टाकली आहे, एकोणतीसला पोचतो.

आईच्या चेहऱ्याबद्दलचं उत्तर माझं नव्हतं. तुझा तो निरोप मी आज पहिल्यांदा वाचला. माझं उत्तर असं आहे, उशिरा का होईना. मला ती दिसते ती तोंडात टाचण्या धरलेली. ओठ घट्ट मिटलेले, आपण काहीतरी वेडेपणा करतोय, तिला हसायचंय, पण टाचण्या पडतील म्हणून हसता येत नाही, आणि मग ते हसू नाकपुड्यांतून बाहेर येतं. याहून चांगलं लिहिता येत नाही. त्या यंत्राचं मी वाचलं, ते खरंच चांगलं होतं.

लोभ माझ्याकडंच माग. मिळेल.

बटण्या

२३ सप्टेंबर

चि. बटण्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. टाचण्यांबद्दल. बाकी भांडण अजून मिटलेलं नाही.

तुझं पत्र हातात पडायच्या आधीच मी तुझ्या तीस तारखेला हरताळ फासला होता. अठराला सकाळी बाबांनी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. फुटला. ते खाली वाकून काचा चाचपायला लागले, आणि मी काचा उचलून, त्यांना खुर्चीत बसवून तलावावर गेले, पहिली तुकडी पाण्याबाहेर काढली, आणि तशीच ओल्या केसांनी इस्पितळ गाठलं. खिडकीवरच्या मुलीनं ओळखलं. बिचारी म्हणाली, मला तारीख दिसते, पण बदलता येत नाही, तुम्ही भिंतीवरच्या पडद्यावर बोला. भिंतीवरचा पडदा म्हणाला की डॉक्टरांची भेट पुढल्या महिन्यात मिळेल, आणि "आपली भावना आम्ही समजू शकतो." माझी भावना त्याला खरंच समजली असती तर तो भिंतीवरून उतरून पळाला असता.

शिट्टी गळ्यातच होती. मी ती फुंकली. तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू जाते तशी, पूर्ण छातीनं. सगळं दालन गप्प झालं. चालती माणसं जागच्या जागी थांबली, एका रखवालदारानं तर हात वर केले. मग मी एवढंच म्हणाले की मला माणसाशी बोलायचंय. आतलं दार उघडून डॉक्टरीणबाई स्वतःच बाहेर आल्या, कोण मेलं बघायला.

त्यांना वाटत होतं की आपण ऑपरेशन टाळतोय. तारीख पुढं ढकलायला तीनदा कुटुंबाची संमती आली, म्हणून त्या आपल्यावर चिडून होत्या. स्वतःचीच ओळ पडद्यावर वाचून त्यांचा चेहरा असा झाला की मीच त्यांना खुर्ची पुढं केली. त्यांनी वीस तारखेला ऑपरेशन केलं. त्या रात्री तुला फोन केला तो त्याचाच.

फोनवर मी तुला नीट सांगितलं नाही, ते आता लिहिते. डावा डोळा वाचला आहे. उजव्याची बाजू गेली ती गेली. समोरचं तेवढं दिसतं, नळीतून बघावं तसं. पहिल्यांदा दिलेल्या तारखेला झालं असतं तर? डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बरंच वाचलं असतं. हे तुला कळावं म्हणून लिहिते, आणि लिहिताना मला अजिबात बरं वाटत नाही.

बाबांना मी सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, आता तरी चिडतील. तर त्यांनी माझ्या फोनवर त्या वाचून दाखवणाऱ्या आवाजाशी गट्टी जमवली आहे. पट्टी बांधून पडल्या पडल्या सकाळचा पेपर त्याच्याकडून वाचून घेतात. परवा त्याला विचारत होते, सवडीनं म्हणजे काय रे? तो म्हणाला, फुरसतीच्या वेळी. बाबा म्हणाले, चूक, लिहून घे, आणि त्याला दुकानातल्या गिऱ्हाइकांची सगळी कथा सांगितली. त्यानं आभार मानले. मी संतापले, म्हटलं, ज्यानं डोळा घालवला त्याच्याशीच काय गप्पा मारता? तर म्हणाले, अगं, ते निदान वाचतं तरी.

ते जसंच्या तसं तुला कळवते.

लोभ आहे, त्याची शिट्टी वाजवायला लावू नकोस.

ताई

४ ऑक्टोबर

चि. बटण्यास,

अ. उ. आ. बऱ्याच दिवसांनी स्वतः लिहितो आहे. ओळी उताराला लागल्या आहेत, सांभाळून घे. ताई तलावावर गेली आहे. ती असती तर तिनं मध्येच चार शब्द आपले घातले असते.

फोनवर तुझा आवाज ऐकला, बरं वाटलं. ऑपरेशन आधीच झालं म्हणून तू रजा रद्द केलीस, कामाचा जोर संपला की येतो म्हणालास. बरोबर आहे. काम टाकून येऊन तू इथं काय करणार, माझी पट्टी बघणार. ताई तुझ्यावर चिडली आहे. दिवसातून दोनदा चिडते, मग तुझ्या लहानपणच्या गोष्टी सांगत बसते. तिचं मनावर घेऊ नकोस, आणि सोडूही नकोस.

डोळ्याचं म्हणशील तर सरळ धरलेलं दिसतं. काल दोरा ओवला. पाचव्या की सहाव्या खेपेला गेला, पण गेला. हे असं किती दिवस चालेल ते डॉक्टरीणबाई सांगत नाहीत, मीही विचारत नाही. पिटुकलीचा कोट मला स्वतःला पुरा करायचा आहे. मागं तुझ्याकडून तिचं माप आलं होतं, त्यावर मी कात्री लावली नाही. त्या वयाच्या कुठल्याही मुलीला बसेल असं ते माप होतं, आणि आपल्या पोरीचा डावा खांदा तुझ्यासारखा जरा उतरता आहे. ते माप तू घेतलेलं नव्हतंस हे मला तेव्हाच कळलं होतं. ताईला बोललो नाही, उगाच वाढवील.

कापड झटकून ठेवलं आहे, खडूला टोक केलं आहे. माप अंगावर टेप लावून घ्यावं लागतं, तेव्हा पोरीला घेऊन ये.

घाई नाही. सवडीनं ये.

बाबा

७ ऑक्टोबर

ती. बाबांस,

शि. सा. न. वि. वि. तुमचं पत्र आत्ता, जेवणाच्या सुट्टीत मिळालं. पिटुकलीला शाळेतून घ्यायला निघालो आहे, तिथून तसेच स्टेशनवर जाऊ. वाटेतल्या पेटीत हे टाकतो.

हे पत्र पोचेल तेव्हा मी तुमच्या शेजारी बसलेला असेन. ते फोनमधल्या आवाजाकडून वाचून घेऊ नका, आणि ताईलाही देऊ नका. मी वाचून दाखवीन.

बटण्या